स्विच बसवला, पण वायरीचं काय?

दसरा जवळ आला की आपल्याकडच्या गॅरेजांपुढे ट्रॅक्टरची रांग लागते. ऑईल बदलायचं, ट्रॉलीचे हब खोलून ग्रीस भरायचं, हुकाची पिन बघायची, टायर तपासायचे. ऊस वाहतुकीचा हंगाम सुरू होण्याआधीची ही कामं ट्रॅक्टरमालकांना तोंडपाठ असतात. अलीकडे या यादीत आणखी एका कामाची भर पडली आहे, ती म्हणजे बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवून घेण्याची. लाल चावी फिरवली की बॅटरीचा बाकीच्या गाडीशी संबंध तुटतो. ही भर चांगली आहे आणि तिचं स्वागतच केलं पाहिजे. पण शेतकरी बंधूंनो, स्विच कोणत्या कंपनीचा घ्यायचा याचा जेवढा विचार होतो, त्याच्या निम्मासुद्धा तो जोडायच्या वायरीचा होत नाही. दुकानदार स्विच देतो, मिस्त्री आपल्या डब्यातला सापडेल तो वायरीचा तुकडा काढतो, दोन नट आवळतो आणि काम झालं म्हणतो. आज लिहायचं आहे ते या तुकड्याविषयी.

आधी स्विच कशासाठी, ते थोडक्यात पाहू. शेतावरचा ट्रॅक्टर एस.टी.सारखा रोज चालत नाही. हंगाम संपला की तो कित्येकदा महिना-महिना एका जागी उभा असतो. वायरीचं आवरण कुठेतरी फाटलेलं असतं, कुठे उंदरांनी कुरतडलेलं असतं. त्यातून थोडा थोडा करंट गळत राहतो आणि पेरणीच्या तोंडावर चावी मारली की नुसता 'टक्' असा आवाज येतो. एवढ्यावर भागलं तर नशीब. फाटलेली वायर पत्र्याला नीट टेकली तर शॉर्ट होऊन आग लागते. आपल्याकडे ट्रॅक्टर उभा करायची जागा कुठे असते? गोठ्याला लागून, नाहीतर कडब्याच्या गंजीशेजारी. तिथे ठिणगी पडली तर ट्रॅक्टरबरोबर जनावरांचाही प्रश्न येतो. बैल गेला आणि झोपा केला असं होऊ नये म्हणून हा स्विच हवा.

आता वायरीकडे येऊ. घरातल्या विजेचा जो अंदाज आपल्या डोक्यात बसलेला असतो, तो इथे उपयोगी पडत नाही. घरात २३० व्होल्ट असतात. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा करंट घेत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यावर तोच १०० वॅटचा भार टाकला तर आठ अँपिअरच्या वर करंट लागतो. व्होल्ट कमी तेवढा करंट जास्त, हा साधा हिशेब आहे. आणि वायर तापते ती करंटमुळे. 'नुसती बारा व्होल्टची तर आहे, शॉकसुद्धा बसत नाही, कोणतीही वायर चालेल' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. शॉक बसत नाही हे खरं, पण वायर पेटते हेही तितकंच खरं.

सगळ्यात जास्त करंट घेतो तो स्टार्टर. ट्रॅक्टरचा स्टार्टर साधारण दोन-तीन किलोवॅटचा असतो. चावी मारल्यावर तो काही सेकंद दोनशे ते तीनशे अँपिअर ओढतो आणि पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. कट-ऑफ स्विच बॅटरीच्या मुख्य केबलीत बसतो, त्यामुळे हा सगळा करंट स्विचमधून आणि त्याला जोडलेल्या तुकड्यातून जातो. तुकडा दीड फुटाचा असो की दीड मीटरचा, त्याची सुटका नाही.

थोडा हिशेब मांडून बघा. दोन मीटर तांब्याची वायर आणि ३०० अँपिअर करंट धरू. वायर ५० चौरस मिलिमीटरची असेल तर तिच्यात साधारण पाव व्होल्टाहून कमी वाया जातो. २५ ची असेल तर ०.४ व्होल्ट जातो. १० ची असेल तर एक व्होल्टाहून जास्त जातो आणि तेवढ्या तुकड्यात तीनशे वॅटहून जास्त उष्णता तयार होते. म्हणजे बॅटरीच्या शेजारी तीनशे वॅटची शेगडीच ठेवली म्हणा ना! आता एक व्होल्ट म्हणजे किती मोठं, असं वाटेल. पण स्टार्टर फिरताना बॅटरी मुळातच १० व्होल्टांच्या आसपास खाली येते. त्यातला एक वायरीने खाल्ला, अर्धा सैल नटाने खाल्ला, तर स्टार्टरच्या वाट्याला काय उरतं? थंडीच्या पहाटे तो कण्हत फिरतो आणि आपण म्हणतो, 'बॅटरी बसली.' चांगली बॅटरी मोडीत जाते आणि नवी येते. महिन्याभराने तीही 'बसते'. दोष बॅटरीचा नसतोच, दोष असतो मधल्या तुकड्याचा. दोन मीटर जाड केबल घ्यायला नव्या बॅटरीच्या किमतीचा लहानसा हिस्सासुद्धा पुरतो.

म्हणून पहिला नियम असा. स्विचला जोडायची वायर ट्रॅक्टरबरोबर आलेल्या मूळ बॅटरी केबलीइतकी जाड असली पाहिजे. जास्त चालेल, कमी अजिबात नको. बहुतेक ट्रॅक्टरना ३५ ते ५० चौरस मिलिमीटर तांब्याची केबल लागते, मोठ्या इंजिनला ७० ची. घरातल्या फिटिंगची 'अडीचची' किंवा 'चारची' वायर दुहेरी-तिहेरी पिळून लावण्याचा प्रकार मुळीच करू नका. चारच्या तीन वायरी पिळल्या तरी बाराच होतात, पन्नास होत नाहीत.

जाडी म्हणजे आतल्या तांब्याची जाडी, वरच्या प्लॅस्टिकची नव्हे. बाजारात वरून बोटाएवढी जाड दिसणारी आणि आत करंगळीच्या निम्मं तांबं असलेली केबल मिळते. म्हणून टोक सोलून बघितल्याशिवाय वायर घेऊ नका. हिशेब अवघड नाही. एका तारेच्या व्यासाला व्यासाने गुणा, त्याला ०.७८५ ने गुणा आणि येईल त्याला तारांच्या संख्येने गुणा. ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतील तर अडीच चौरस मिलिमीटर होतात, ५६ असतील तर चार. ५० साठी अशा सातशेच्या आसपास तारा लागतात. मोजत बसणं शक्य नसेल तर केबलीवर छापलेला आकडा आणि आय.एस.आय.ची खूण पाहा. मोटारगाड्यांच्या वायरींसाठी आय.एस. २४६५ हे वेगळं भारतीय मानक आहे, घरच्या फिटिंगच्या वायरीचं मानक वेगळं.

दुसरी फसवणूक धातूची. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनिअम अशा केबली सर्रास विकल्या जातात. ॲल्युमिनिअमचा विजेला अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. त्याची थिंबल आवळली तरी काही दिवसांनी सैल पडते आणि बॅटरीच्या आम्लाच्या वाफेने ती पांढरी होऊन खाल्ली जाते. ओळखायला सोपं आहे. एक तार चाकूने खरवडा. आत पांढरं दिसलं की केबल परत करा. हातात घेतली तरी फरक कळतो, कारण तांब्याची केबल चांगलीच जड लागते.

तालुक्याच्या गावी सहज मिळणारी चांगली वस्तू म्हणजे तांब्याची वेल्डिंग केबल. तिच्यात बारीक तारा खूप असतात, त्यामुळे ती लवचिक राहते आणि ट्रॅक्टरच्या हादऱ्याने तुटत नाही. मात्र डिझेल, ऑईल आणि उष्णता सोसणाऱ्या आवरणाची मागून घ्या. दुकानात तिला 'एच.ओ.एफ.आर.' म्हणतात. साध्या रबराचं आवरण डिझेलने फुगतं आणि फाटतं. वेल्डिंग केबल ॲल्युमिनिअमचीही येते, तेव्हा खरवडून बघायला इथेही विसरू नका.

वायर चांगली घेतली आणि टोकं वाईट बांधली तर सगळं फुकट. तारा पिळून नटाखाली दाबणं हे काम नव्हे. त्या मापाची तांब्याची थिंबल घालून ती दाबयंत्रानेच दाबून घ्या. हातोडीने चेपलेली थिंबल वरून घट्ट दिसते, पण आत पोकळ राहते. थिंबलीच्या मुळाशी आवरणाची नळी चढवा. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी बुश हवाच, नाहीतर पत्र्याची धार सुरीसारखं काम करते. वायर सायलेन्सरपासून दूर ठेवा आणि जागोजागी क्लिपने बांधा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडी करा आणि आवळून झाल्यावर व्हॅसलीन लावा.

स्विच कोणत्या बाजूला बसवावा, यावर गॅरेजात नेहमी वाद होतो. माझ्या मते तो अर्थच्या बाजूला, म्हणजे बॅटरी आणि ट्रॅक्टरची बॉडी यांच्यामध्ये, बॅटरीच्या जवळात जवळ बसवावा. तिथे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर निगेटिव्ह अर्थचे आहेत. काही जुने पॉझिटिव्ह अर्थचे असतात, तेव्हा रंगावर न जाता कोणतं टर्मिनल बॉडीला जोडलंय ते बघा. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवरून दुसरी एखादी बारीक वायर थेट बॉडीला गेलेली असेल तर ती काढून स्विचच्या पलीकडे घ्या. नाहीतर स्विच बंद करूनही बॅटरी जोडलेलीच राहते. आणि स्विच बंद असताना कोणी चावी मारली तर स्टार्टरचा तीनशे अँपिअर करंट त्या बारीक वायरीतून जायला बघतो. ती वायर तिथेच जळते.

स्विच घेताना त्यावरचे दोन आकडे वाचा. एक सतत चालणारा करंट आणि दुसरा काही सेकंदांचा. दुसरा आकडा आपल्या स्टार्टरला पुरला पाहिजे. इंजिन चालू असताना स्विच कधीच फिरवू नका. अल्टरनेटरचा दाब एकदम उसळतो आणि डायोड किंवा रेग्युलेटर जातो. आधी इंजिन बंद, मग स्विच. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटी पाहते. तिथे चावी बंद केल्यावर लगेच बॅटरी तोडू नये. किती थांबायचं ते कंपनीच्या पुस्तकात बघा, आणि बाहेरचा स्विच बसवण्याआधी डीलरला विचारा. काम करताना अर्थची वायर सर्वांत आधी काढायची आणि सर्वांत शेवटी जोडायची. हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवा. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, तेव्हा बिडी लांबच बरी.

आता ट्रॉलीकडे वळू, कारण खरा जिवाचा प्रश्न तिथे आहे. ऊस रात्रीचा वाहतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर उसाचे ढीग, मागे लोंबणारी टिपरं, आणि मागचा दिवा एक तर नाही, नाहीतर काजव्यासारखा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती दहा पावलांवर. अशा बातम्या दर हंगामात आपण याच पेपरात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर लावण्याचं बंधन केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. दिवा बसवलेलाही असतो. पण तो पेटत नाही, कारण त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही.

ट्रॉलीचे दोन मागचे दिवे पाच-पाच वॅटचे, दोन ब्रेकचे २१-२१ वॅटचे आणि वळणाचा एक २१ चा. सगळे मिळून ७३ वॅट, म्हणजे सहा अँपिअर. बॅटरीपासून ट्रॉलीच्या शेपटापर्यंत आठ मीटर अंतर धरा. परतीची वायर पाऊण चौरस मिलिमीटरची असेल तर त्या एका वायरीतच एक व्होल्टाहून जास्त जातो, जाणाऱ्या वायरीतलं वेगळं. बल्बला मिळणारा दाब दहा टक्के घटला की उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. दुसरी ट्रॉली जोडली की नुकसान आणखी वाढतं. म्हणून ट्रॉलीला जाणाऱ्या वायरी दीडच्या घ्या आणि परतीची, म्हणजे अर्थची, किमान अडीचची. दुसरी ट्रॉली असेल तर अर्थ चारची घ्या. एल.ई.डी. दिव्यांना करंट कमी लागतो, पण त्यासाठी वायर बारीक करू नका. ओढाताण आणि हादरे तिला सोसायचेच आहेत.

बरेच जण अर्थची वायर टाकतच नाहीत, हुक आणि पिनवरच भागवतात. पिनेला ग्रीस, गंज आणि माती लागलेली असते. खड्ड्यात गाडी उडाली की अर्थ तुटतो आणि दिवे डुलकी घेतात. अर्थ वेगळ्या वायरीनेच न्या, सात पिनांचं सॉकेट लावा आणि वायर नळीत घालून ट्रॉलीच्या चासीला बांधा. सुतळीने लोंबती ठेवू नका. या लायनीला बॅटरीजवळ फ्यूज हवा, एका ट्रॉलीला दहा अँपिअरचा पुरेल. उडाला तर कारण शोधा, त्याजागी वायरीची तार गुंडाळू नका. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तार गुंडाळली की वायरच फ्यूज होते आणि ती उसाच्या पाचटाखाली जळते. दिवे लोंबत्या टिपरांआड जाणार नाहीत अशा जागी बसवा.

ट्रॉलीवरच स्वतंत्र बॅटरी ठेवणारेही आता दिसतात. कोणी १२ व्होल्टचा फवारणी पंप बसवतं, कोणी स्पीकरची गाडी करतं. तिथे स्टार्टर नसतो, म्हणून कट-ऑफची वायर पंपाच्या किंवा भाराच्या करंटावर ठरते. पण ती बॅटरी ट्रॅक्टरवरून चार्ज करायची असेल तर फसगत होते. २० अँपिअर करंट अडीचच्या वायरीतून आठ मीटर नेला आणि परत आणला तर दोन व्होल्टांहून जास्त वाटेतच जातात. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. तिथे दहाची वायर हवी. आणि अशा वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण बॅटरी दोन्ही टोकांना आहे. एका टोकाचा फ्यूज दुसऱ्या बॅटरीला अडवत नाही.

हे सगळं नीट झालं की नाही हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. साधा मीटर घ्या. कोणी चावी मारत असताना बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर एक काडी आणि स्टार्टरच्या बॉडीवर दुसरी धरा. पाव व्होल्टाच्या आसपास किंवा कमी दाखवलं तर ठीक. अर्धा दाखवला तर कुठेतरी खोट आहे. मीटर नसेल तर ओळीने तीन-चार वेळा स्टार्ट करून लगेच हात लावून बघा. पूर्ण वायर गरम असेल तर वायर बारीक आहे. फक्त टोक गरम असेल तर थिंबल किंवा नट सैल आहे. स्विचच गरम असेल तर स्विच हलका आहे.

मालक म्हणतील, आधीच डिझेल, टायर आणि ड्रायव्हरची उचल यांनी कंबर मोडली, त्यात हा खर्च कुठून आणायचा? प्रश्न चुकीचा नाही. पण ट्रॅक्टर मालकाचा असला तरी रात्री त्याच्यावर बसतो तो ड्रायव्हर दुसऱ्याचा मुलगा असतो, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला तिसऱ्याच घरचा. वायरीत वाचवलेले पैसे आपले आणि धोका त्यांचा, हा हिशेब न्यायाचा नाही.

हा भार एकट्या मालकावरही टाकू नये. बरेच कारखाने हंगामाच्या आरंभी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवतात, ते योग्यच आहे. पण रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर चमकतो आणि चिखलाने झाकला जातो. वाहतुकीचा करार करतानाच दिव्यांची आणि वायरीची तपासणी कारखान्यांनी करावी. आवारात एक चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन चार दिवस बसवावा आणि वायरीचा खर्च वाहतुकीच्या बिलातून हप्त्याने कापावा. आय.टी.आय.च्या मुलांना यात हात काळे करायची संधी द्यावी. आम्हा कृषी खात्याच्या लोकांवरही जबाबदारी येते. अनुदानातून ट्रॅक्टर आणि अवजारं गावात पोचतात. पेरणी यंत्राची प्रात्यक्षिकं होतात, रोटाव्हेटरची होतात. त्याच कार्यक्रमात बॅटरी आणि वायरीसाठी अर्धा तास काढायला काय हरकत आहे?

या आठवड्यात तुम्ही एवढं करा. ट्रॅक्टरचं बॉनेट उघडा, स्विचला जोडलेला तुकडा मूळ केबलीशेजारी धरून बघा. बारीक दिसला तर आजच बदला. मग अंधार पडल्यावर ट्रॉली जोडा, दिवे लावा, पोराला ब्रेकवर पाय ठेवायला सांगा आणि स्वतः शंभर पावलं मागे जाऊन उभे राहा. दिवा नीट दिसला तरच ट्रॉली रस्त्यावर काढा.